थडग्यातल्या तीन नडग्या

आमच्या घराण्याच्या थडग्यात माझा डावा पाय आईच्या आधी पोहोचला. तो वसंतात गेला, आई त्याच वर्षी पानगळीत. गावात अजूनही कोणी मुद्दाम विचारतं, "झीसी, पाय कसा आहे?" मी सांगतो, "इथला दुखतो. तिथला शांत आहे."

मी आमच्या जवळच्या कोनित्सापासून यानिना शहरापर्यंत बस चालवायचो. डावा म्हणजे क्लचचा पाय. बस चालवताना सिगारेट ओढायचो, बस थांबली की सिगारेट ओढायचो, आणि घरी गेल्यावर बायको ओढू देत नाही म्हणून गॅरेजमध्ये जाऊन ओढायचो. पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडल्या. आधी अंगठा काळा पडला, मग बाकीची बोटं, मग डॉक्टर म्हणाले की आता वाट बघण्यात अर्थ नाही. त्यांनी गुडघ्याचा सांधा सोडवला आणि खालचा सगळा पाय काढून घेतला. हाड कुठे कापलं नाही. खाटीक मेंढीची तंगडी सोडवतो तसंच काम, फक्त बिल मोठं.

दवाखान्यानं विचारलं, पायाचं काय करायचं? मी म्हटलं, तुम्हीच बघा. आई खुर्चीवरून उठली. "माझ्या अंगातून आलेली वस्तू आहे," ती म्हणाली. "परक्यांच्या हाती जाणार नाही." म्हणून पाय गावी आला, छोट्या लाकडी पेटीतून, माझ्याच जुन्या बसच्या डिकीतून. आई काळे कपडे घालून दफनाला आली आणि बाबांच्या वेळी रडली नव्हती एवढी रडली. आमचे पाद्रीबाबा, पापा-स्तेरिओस, पोथी चाळत बसले. पायासाठी वेगळी प्रार्थना कुठे सापडेना. आई म्हणाली, "माणसाची म्हणा. पायापुरती." त्यांनी तशी म्हटली. मी कुबड्यांवर उभा राहून ऐकली. स्वतःच्या मयताला हजर राहायचा मान सगळ्यांना मिळत नाही.

सहा महिने नाही झाले तर आई गेली. शवपेटी उतरवायची म्हणून मित्रोसनं, म्हणजे आमच्या कबरी खणणाऱ्यानं, पायाची पेटी वर काढली, आईला खाली ठेवलं आणि पेटी तिच्या पायथ्याशी परत ठेवून दिली. मला ते बरं वाटलं. एकटा पडणार नाही, म्हटलं. पाय म्हणजे मी नव्हे हे मला कळतं, पण तरी.

आता तीन वर्षं झाली. आमच्याकडे तीन वर्षांनी माणसाला वर काढतात. डोंगराच्या उतारावरचं कब्रस्तान केवढं असणार? जागा थोडी, गिऱ्हाईक पुष्कळ. हाडं काढायची, लाल वाइननं धुवायची, उन्हात वाळवायची आणि पेटीत भरून चर्चमागच्या खोलीत फळीवर ठेवायची. धुण्याचं काम घरच्या बायकांचं. मुलगी असेल तर मुलगी धुते, नाहीतर सून. आईला मुलगी नव्हती. मी एकटाच, तोही एका पायानं कमी.

आणि सून म्हणाली, "मी धुणार नाही."

सून म्हणजे माझी बायको फ्रोसो. यानिनाच्या दवाखान्यात ती एक्स-रे काढते. दिवसभर लोकांचे घोटे, मनगटं, बरगड्या बघते. बाजारात एखादा नमस्कार करतो तेव्हा ती त्याच्या तोंडाकडे बघून गोंधळते, मग तो चालायला लागला की म्हणते, "हां, हा बाहेरचा घोटा मोडलेला! स्कूटरवरून पडला होता." तिला माणसं खालून वर ओळखू येतात.

"लोक काय म्हणतील?" मी विचारलं.

"जे पंचवीस वर्षं म्हणतायत तेच म्हणतील. सासूला सून नको होती. बरोबर म्हणतायत."

"अगं, मेलेल्या माणसावर राग?"

"मी त्या जिवंत होत्या तेव्हापासून रागावलेय. मेल्या म्हणून सवलत नाही."

भांडण काय होतं ते सांगतो, कारण ते सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. आमचं लग्न ईस्टरच्या उपवासाआधीच्या शेवटच्या रविवारी झालं; उपवास लागला की ईस्टरपर्यंत लग्नं लागत नाहीत. चौकात सनई-ढोल लागले. आमच्याकडे नवरदेवाच्या आईनं सुनेचा हात धरून फेर धरायचा असतो. तो धरला की सून घरात आली, असं. फ्रोसो पांढऱ्या झग्यात चालत आईच्या खुर्चीपाशी गेली आणि रुमालाचं टोक तिच्यापुढे धरलं. सगळं गाव बघत होतं. फ्रोसोचे यानिनाचे नातेवाईक बघत होते. आईनं हनुवटी वर उचलली. म्हणजे नाही. फ्रोसोला वाटलं, थट्टा करतायत. तिनं पुन्हा रुमाल धरला. आईनं पुन्हा हनुवटी उचलली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. वाजवणारे थांबले. शेवटी लाम्ब्रिनी मावशीनं, आईच्या धाकट्या बहिणीनं, रुमाल धरला आणि दोन फेऱ्या मारून वेळ निभावली.

तेव्हापासून दोघी एका घरात राहिल्या, एका टेबलावर जेवल्या, एकमेकींना मीठ द्यायच्या. त्यापलीकडे नाही. आई कुठल्याच लग्नात नंतर नाचली नाही. लोक म्हणायचे, बाई आखडू आहे. मी मध्ये. मला विचाराल तर पाय तोडला तेव्हा एवढं दुखलं नाही.

म्हणून मला एकच गोष्ट हवी होती. फ्रोसोनं आईची हाडं धुवावीत. दुसऱ्या कोणी धुतली असती तर हे भांडण पेटीत बंद होऊन फळीवर गेलं असतं, आणि मग ते सोडवणार कोण?

"मावशी धुवेल," फ्रोसो म्हणाली.

"मावशीचे हात थरथरतात. तिची कॉफी कपात कमी, बशीत जास्त असते."

"मग तू धू. तुझेही पाय आहेत त्यात."

"पाय नाही, एकच पाय. आणि तोच तर घोटाळा आहे," मी म्हटलं. "पायाची पेटी कधीच कुजली असणार. दोघांची हाडं मिसळली असतील तर ओळखणार कोण? माझं हाड आईच्या पेटीत गेलं तर?"

हाडाचा प्रश्न आला की तिचं कामातलं डोकं चालू होतं, रागातलं बंद पडतं. "ओळखून देईन," ती म्हणाली. "हात लावीन, सांगीन, बाजूला होईन. धुणार नाही."

एवढ्यावर तडजोड झाली आणि शनिवारी सकाळी आम्ही गावी गेलो.

मित्रोसनं आधीच अर्धं खणलं होतं. लाम्ब्रिनी मावशी पांढरी चादर पसरून बसली होती, शेजारी पितळेचं घमेलं, घरच्या लाल वाइनच्या दोन बाटल्या. पाद्रीबाबा गळ्यात प्रार्थनेच्या वेळचा पट्टा घालून उभे होते आणि पोट सांभाळत आत वाकून बघत होते. फ्रोसो लांब, कठड्यावर जाऊन बसली, च्युइंगम चघळत. माझा पाय गेल्यापासून आमच्या घरात च्युइंगमच चालतं.

आधी डोकं वर आलं. मावशीनं ते दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला ओठ लावले, पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि आम्हाला दाखवलं. "बघा, मेणासारखं पिवळं आहे. आत्मा चांगला होता." काळं निघालं असतं तर गावात चर्चा झाली असती. मीही जवळ घेतलं. आईचं तोंड त्यात नव्हतं, पण कपाळ होतं. मला भडभडून आलं.

मग बरगड्या, मणके, हात, मांड्या. मित्रोस वरून खाली जात होता. पायथ्याशी पोहोचला तेव्हा त्याचं फावडं हळू झालं. मग त्यानं एकेक करून तीन नडग्या वर दिल्या, त्यांच्याबरोबर तीन बारीक जोडहाडं, आणि पावलांची लहान हाडं बादलीभर. माझ्या पेटीची फक्त एक बिजागरी उरली होती.

"तीन आहेत," मित्रोस म्हणाला.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "दोन तिच्या, एक माझी."

"हो, पण कुठली?"

पाद्रीबाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे नीट बघायला हवं. शेवटच्या दिवशी हाक आली की ज्यानं त्यानं आपापल्या हाडांनिशी उठायचं असतं. खाइदो बाई लेकाचा पाय लावून उठल्या तर वर काय उत्तर द्यायचं?"

"मोठी ती झीसीची," मित्रोस म्हणाला. "पुरुषमाणूस."

नडग्या शेजारी शेजारी ठेवल्या. लांबी सारखीच. आई उंच होती आणि मी तिच्यावर गेलो, पण जास्त वर नाही. फरक दुसराच होता. एक नडगी दणकट होती, दोन बारीक. मित्रोसनं दणकट माझी ठरवली आणि बारीक जोडी आईची. ते दिसायलाही छान दिसत होतं. मावशी लगेच म्हणाली, "हो हो, तसंच असणार."

मी फ्रोसोला हाक मारली. ती आली, हात न लावता एक क्षण बघितलं आणि मित्रोसला म्हणाली, "तुझ्या मते माझ्या सासूबाईंना दोन डावे पाय होते?"

"म्हणजे?"

तिनं दणकट नडगी उचलली. "ही पुढची धार बघ. आपण टेबलाला ठोकून घेतो आणि शिव्या देतो ती जागा. धार पुढे धरायची. खाली हा उंचवटा, हा आतला घोटा. आतला घोटा नडगीचाच असतो. तो नेहमी दुसऱ्या पायाकडे तोंड करून असतो." तिनं हाड स्वतःच्या उजव्या पायाला लावलं, मग डाव्या. डाव्याला लावलं तेव्हा घोटा बाहेर आला. "ही उजवी. म्हणजे सासूबाईंचीच, कारण झीसीचा उजवा अजून बुटात आहे. आणि या दोन्ही बारीक डाव्या. एक तिची, एक याची."

सगळ्यांनी माझ्या बुटाकडे बघितलं. मी पाय जरा हलवून दाखवला.

आता राहिल्या दोन डाव्या. फ्रोसोनं जोडहाडं जुळवायला घेतली. हे हाड नडगीच्या बाहेरच्या अंगाला, पोटरीच्या मांसात लपलेलं असतं, आणि त्याचं खालचं टोक म्हणजे आपला बाहेरचा घोटा. पहिल्या डावीचं जोडहाड सरळ, सुरीसारखं होतं. दुसऱ्याच्या खालच्या भागात, घोट्याच्या थोडं वर, अक्रोडाएवढी गाठ होती आणि तिथून पुढे हाड बाहेरच्या बाजूला वळलं होतं.

"हा झीसीचा," मावशी घाईघाईनं म्हणाली. "दवाखान्यातला पाय. दिसतंय ना, कसा नासलाय! मित्रोस, घाल त्याच्या पेटीत. उशीर होतोय, ऊन वर आलं."

सगळ्यांनाच पटलं. मलाही पटलं. वाईट जे काही निघेल ते माझं असणार, ही मला लहानपणापासूनची सवय. मी ती वाकडी जोडी हातात घेतली आणि ओळख पटतेय का बघितलं. इतकी वर्षं हिच्यावर मोजा चढवला, पण आतून कधी भेट झाली नव्हती. "बरी आहेस ना?" असं मी मनात विचारलंसुद्धा. मग मित्रोसनं ती माझ्या नव्या छोट्या पेटीत ठेवली आणि सरळवाली आईच्या घमेल्यात. मावशीनं बाटलीचं बूच काढलं.

"थांबा," फ्रोसो म्हणाली.

ती पेटीपाशी गुडघ्यावर बसली होती. तिनं वाकडी जोडी पुन्हा बाहेर काढली होती आणि बादलीतून एक हाड शोधून त्यांच्या खाली धरलं होतं. घोट्याच्या मधोमध, दोन्ही उंचवट्यांच्या बेचक्यात बसतं ते हाड. सगळं शरीर त्याच्यावर उभं असतं. ते तिथे बसत नव्हतं. बेचकं एका बाजूनं फाकलं होतं आणि हाड तिरपं होऊन बाहेर सरकत होतं.

"हा झीसीचा पाय नाही."

"अगं, असं कसं?" मावशी म्हणाली. "त्याचाच पाय आजारी होता ना!"

"त्याच्या पायाचे फोटो मी स्वतः काढलेत, मावशी. दर वेळी मीच. हाडांना काही झालं नव्हतं. रक्त पोहोचत नव्हतं म्हणून पाय गेला. हाडं पहिल्या नंबरची होती. डॉक्टर म्हणाले होते, हळहळ वाटते असा घोटा फेकायला."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला उगाच अभिमान वाटला.

"मग पडला असेल कधी," मावशी म्हणाली. "बसमधून उतरताना..."

"पडला असता तर मी प्लॅस्टर घालून घेतलं असतं. याला प्लॅस्टर झालेलंच नाही. हाड मोडलं, जागेवर कोणी आणलं नाही, आणि ते आपलं आपण जसं जमेल तसं जुळलं." तिनं मधलं हाड उन्हात धरलं. वरचा भाग एका बाजूला चकाकत होता, पायरीचा दगड झिजून चकाकतो तसा. "इथली मधली मऊ गादी, कूर्चा, संपली. हाडावर हाड घासत होतं. हे एका वर्षाचं काम नाही. ही बाई या घोट्यावर वर्षानुवर्षं चालत होती. भार जाऊ नये म्हणून सगळं वजन उजव्यावर. म्हणून उजवी अशी दणकट आणि डावी वाळलेली." तिचा आवाज एकाएकी खाली आला. "पाऊल टाकलं की प्राण जात असेल. दर पावलाला."

मला आईचं चालणं आठवलं. होडीसारखी डुलत चालायची. आम्ही म्हणायचो, वय झालं, गुडघे गेले. तीही म्हणायची, "हो बाबा, गुडघे." फ्रोसो किती वेळा म्हणाली होती, दवाखान्यात चला, फोटो काढते, फुकट आहे. आई हनुवटी उचलायची. फ्रोसोला वाटायचं, माझ्या हातचा फोटोसुद्धा नको हिला.

पाद्रीबाबा मावशीकडे वळले. "लाम्ब्रिनी, तुला ठाऊक होतं."

"मला काही ठाऊक नाही."

"मग हा पाय झीसीच्या पेटीत ढकलायची तुला एवढी घाई का?"

"मला शपथ घातलीय, पाद्रीबाबा."

"कुणी?"

मावशीनं पांढऱ्या कापडातल्या डोक्याकडे बोट केलं.

पाद्रीबाबांनी थोडा विचार केला. "ती इथेच आहे. तिला विचार आणि सांग."

मावशीनं खरंच विचारलं. डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "ताई, मी सांगते बरं का आता. माझंही काही खरं नाही, आणि ही पोरगी हाडं वाचते, हिच्यापुढे काय लपणार?" मग थोडा वेळ थांबली, जणू उत्तर येणार होतं.

"लग्नाच्या आधीचा गुरुवार," ती म्हणाली. "तुमच्या अंथरुणाच्या लोकरी चादरी माळ्यावर होत्या. त्या काढायला शिडीवर चढली आणि शिडी सरकली. मी धावत गेले तर पाऊल बाजूला बघत होतं. असं, आडवं. मी म्हटलं, डॉक्टरला आणते. तर म्हणे, डॉक्टर आला की प्लॅस्टर आलं, प्लॅस्टर आलं की लग्न पुढे गेलं. मी म्हटलं, जाऊ दे की, ईस्टरनंतर करू, काय बिघडतं? तर काय म्हणाली माहितेय?"

मावशी फ्रोसोकडे बघेना.

"म्हणाली, 'पोरीला दिवस जाऊन तीन महिने झालेत, लाम्ब्रिनी. ईस्टरपर्यंत तिचं पोट कोण झाकणार? तू?'"

आता इथे मला सांगायला हवं की आमची मुलगी आंथी सातव्या महिन्यात जन्मली असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. चार किलोची होती. बाप्तिस्मा पापा-स्तेरिओसांनीच दिला होता, आणि उचलताना त्यांच्या तोंडून "अरे बाप रे" निघालं होतं. ते आता सुरूच्या झाडांकडे बघू लागले. मित्रोस फावड्याची माती खरवडू लागला.

"त्यांना कसं कळलं?" फ्रोसोनं विचारलं. "मी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं."

"साखरपुड्याला तुझ्यापुढे कॉफी ठेवली, तर तू तोंड फिरवलंस. तिनं तेवढ्यात ओळखलं. रात्री मला म्हणाली, घाई करायला हवी. लोकांना वाटलं, खाइदोला लेकाच्या लग्नाची काय एवढी घाई!"

"आणि पाय?"

"मी पाऊल ओढून सरळ केलं. तिनं उशी चावली. मग अंड्याचा पांढरा बलक आणि साबण कालवून लोकरीवर फासला आणि बांधला. सुजलेला पाय तिच्या बुटात जाईना, म्हणून भाऊजींचा बूट घातला, वरून लांब झगा. चर्चमध्ये सगळा विधी उभी होती."

माझ्या दंडाला धरून उभी होती. तिची नखं माझ्या कोटातून रुतत होती. मला वाटलं होतं, आई हळवी झाली आहे. मी तिच्या हातावर थोपटलंसुद्धा होतं, आणि कानात म्हटलं होतं, "रडू नकोस गं, मी कुठे जाणार नाही."

"आणि तू रुमाल घेऊन पुढे आलीस," मावशी म्हणाली. "ती खुर्चीतून उठूच शकत नव्हती, बाळा. उठली असती तर तिथेच पडली असती, आणि मग सगळंच बाहेर आलं असतं."

"मग नंतर सांगायचं!" फ्रोसो ओरडली. "नंतर सांगायला काय झालं होतं?"

"नंतर आंथी झाली. पडल्याचं सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मोडक्या पायावर एवढी घाई कशाची? आणि बोटं मोजली असती. मी म्हटलं, निदान तिला एकटीला तरी सांग. पण तू तोंड फुगवलं होतंस, आणि ही काय कमी हट्टी? म्हणाली, 'रागावली आहे ना माझ्यावर? रागावू दे. सासूचा राग करून कोणाची अब्रू जात नाही.'"

फ्रोसो उठली. मला वाटलं, निघून जाते. तिनं मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, बाह्या वर सारल्या आणि मावशीच्या हातातून बाटली घेतली.

"बाजूला व्हा सगळे."

तिनं सरळ जोडी घमेल्यातून काढून माझ्याकडे फेकल्यासारखी दिली आणि वाकडी घमेल्यात घेतली. वाइन ओतली आणि बोटांनी माती काढू लागली, आधी आतला घोटा, मग बाहेरचा, मग त्या गाठीच्या खाचेतून. आणि बोलत होती. आईशी. जिवंतपणी एवढं सलग ती तिच्याशी कधी बोलली नव्हती.

"अहो, तोंड होतं ना तुम्हाला? बावीस वर्षं एका टेबलावर बसलात. मीठ मागायला जमायचं. हे नाही सांगायला जमलं? मी दिवसभर परक्यांचे घोटे बघत होते. घरी येऊन तुमच्याकडे पाठ करून बसत होते. एक शब्द बोलला असतात तर ऑपरेशन करून आणलं असतं, कशाला मरत चालत होतात? कोणी सांगितलं होतं तुम्हाला एवढं शहाणपण करायला? माझं पोट होतं, मी बघितलं असतं काय ते!" मग हाड घासता घासता तिचा हात थांबला. "मी काय बघणार होते, डोंबल," ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडलो. मावशी मघापासून रडतच होती. मित्रोस म्हणाला की त्याच्या डोळ्यांत धूळ गेली.

तिनं सगळं धुतलं. उजवा पाय, हात, बरगड्या, मणके, एकेक. डोकं मावशीनं धुतलं, थरथरत, अर्धी वाइन मांडीवर सांडत. हाडं चादरीवर वाळली. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली आणि आम्ही उकडलेल्या गव्हाचा प्रसाद खाल्ला. माझा पाय मी माझा मीच धुतला. त्याच्या पेटीवर माझ्या जन्माचं साल घातलंय, पुढचं मोकळं ठेवलंय.

मग मित्रोस आईची हाडं पेटीत भरू लागला. खाली मांड्या, मग बाकीची, पावलांची हाडं कोपऱ्यात ओंजळीनं. तसंच भरतात. तो डाव्या नडगीला हात लावणार तेवढ्यात फ्रोसोनं ती ओढून घेतली.

तिनं नडगी आणि जोडहाड जुळवलं. मधलं हाड बेचक्यात बसवलं, सरकू लागलं तसं अंगठ्यानं दाबून आत ढकललं. खाली टाचेचं हाड ठेवलं, पुढे पावलाची हाडं एकेक ओळखून लावली. डोक्यावरचा काळा रुमाल सोडला आणि घोट्याभोवती आठच्या आकड्यात गुंडाळला, दवाखान्यात बांधतात तसा, घट्ट.

"हे कशाला?" पाद्रीबाबांनी हळूच विचारलं.

"सुटी टाकली तर उठताना पुन्हा बाजूला जाईल," फ्रोसो म्हणाली. "तिथे वर कोणी जोडून देणार आहे का?"

"सांगता येत नाही," पाद्रीबाबा म्हणाले.

"मग."

मित्रोसनं तो बांधलेला पाय पेटीत ठेवून बघितला. उभा ठेवला, आडवा ठेवला, तिरपा ठेवला. पाऊल वर येत होतं आणि झाकण बसत नव्हतं.

"सोडावं लागेल, वहिनी," तो म्हणाला. "सगळ्यांची सुटीच ठेवतात."

"मोठी पेटी आण."

"मोठी कोनित्सालाच मिळेल. जाऊन यायला दुपार होईल."

"होऊ दे," फ्रोसो म्हणाली.

मित्रोस गेला. ऊन चढलं होतं. मी तिला म्हटलं, सावलीत चल. ती उठली नाही. तिथेच थडग्याच्या काठावर, आईचा पाय मांडीवर घेऊन बसून राहिली.